कावेरत्तेनं मशीन पुजलं

“एकच नंबर म्हणजे? माझ्या घराला माझा नंबर नको?” श्रीपाद हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फोनवर ओरडत होता आणि शेजारच्या बाकावरची म्हातारी त्याच्याकडे बघून कानावर पदर ओढत होती.

पलीकडे शिरसीतल्या आमच्या गल्लीचा केबलवाला इस्माईल. त्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता. “सगळ्या गल्लीला बाहेर पडायला एकच नंबर आहे हो, श्रीपादण्णा. हेगड्यांना वेगळा, नायकांना वेगळा, असे कुठून आणू? शेजारपाजारचं इंटरनेट चाललंय ना? मग माझ्याकडं काही बिघडलेलं नाही. आज आयुधपूजा आहे, जीपला केळीचे खुंट बांधतोय. उद्या बघू.”

“उद्या काय बघतोस, कपाळ?”

सकाळपासून हेच चाललं होतं. मी शैला, श्रीपादची थोरली बहीण. मला हुबळीत दिलंय, म्हणून वडिलांना, आमच्या अप्पय्यांना, इथल्या हॉस्पिटलात आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गळा कापून स्वरयंत्र काढायचं होतं. गाठ इतकी वाढली होती की डॉक्टर दसरा सरायचीसुद्धा वाट बघायला तयार नव्हते. आणि आमचा हा दिवटा मांडीवर लॅपटॉप घेऊन शिरसीच्या घरात शिरायची खटपट करत बसला होता.

आमच्या घरी जिन्याखाली एक काळं खोकं आहे. श्रीपाद बेंगळुरात एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात आहे. तिथून टाकून दिलेलं मशीन त्यानं घरी आणलं, त्यात लिनक्स की काय ते घातलं आणि घरादाराचे फोटो, कागद, गाणी सगळं त्यात कोंबलं. बाकीचं जग असल्या गोष्टी मोठ्या कंपन्यांकडं ठेवतं. याचं म्हणणं, आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला? बरं बाबा. पण मग आपल्या माळ्यावर चढता तरी यावं ना!

नंबर सगळ्या गल्लीचा एक, त्यामुळं बाहेरून येणारा गल्लीच्या तोंडापर्यंतच पोचतो, पुढं दार कुणाचं ते त्याला कळत नाही. म्हणून यानं युक्ती केली होती. खोक्यानंच आतून परगावच्या एका भाड्याच्या मशीनला फोन लावायचा आणि तो खाली ठेवायचाच नाही. मग त्या उघड्या लाइनवरून हा उलटा घरात शिरणार. कालपर्यंत शिरतही होता. आज मात्र खोक्यानं फोन लावलाच नव्हता.

आणि खोक्यात होता अप्पय्यांचा आवाज.

परमेश्वर हेगडे म्हटलं तर शिरसीत कुणी ओळखणार नाही. पण ‘स्टँडवरचा आवाज’ म्हणा, अख्खा तालुका मान डोलावेल. नोकरीभर अप्पय्यांनी बसस्टँडच्या त्या कोंदट खोलीत बसून गाड्या पुकारल्या. कुमट्याची गाडी फलाट तीनवर, यल्लापूरची उशिरा, सिद्दापूरच्या गाडीत कुणाची तरी पिशवी राहिलीय. घरी आले की गप्प. सगळं बोलणं स्टँडवर संपवून यायचे. आई होती तेव्हा चिडून म्हणायची, “मी बाकावर जाऊन बसते, म्हणजे तरी दोन शब्द कानावर पडतील.” निवृत्तीच्या वेळी स्टँडवरच्या, त्यांच्या आवाजातल्या जुन्या टेपा श्रीपादनं मागून घेतल्या आणि खोक्यात भरल्या.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या होत्या, जुना स्वच्छ आवाज आणून द्या, मग ऑपरेशननंतर ते फोनवर लिहितील आणि फोन त्यांच्याच आवाजात बोलेल. पण त्या आजच संध्याकाळी पाचला सणासाठी धारवाडला निघणार, आठवडाभर नाहीत. श्रीपादनं ध्यासच घेतला. “शुद्धीवर आले की पहिल्याच दिवशी त्यांना बोलता आलं पाहिजे, अक्का.” पोरगं वाईट नाही हो. पण डोकं त्या पडद्यात घातलं की शेजारी माणूस मेलं तरी कळायचं नाही त्याला.

अप्पय्यांना तर अजून बोलता येत होतं. फाटका, घोगरा, पण आवाज होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, गळ्याला सूज आहे, शब्द पुरवून वापरा, ओरडायचं तर नावच नको. सकाळी त्यांनी मला जवळ बोलावून म्हटलं होतं, “संध्याकाळी दोघं बसा. मला एक सांगायचंय.” माझ्या अख्ख्या आयुष्यात अप्पय्यांनी मला काही सांगायचंय असं म्हटलेलं नव्हतं. तेव्हापासून ते तोंडातून अक्षर काढत नव्हते. चहा हवा तरी बोट दाखवायचे. सगळं संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं.

“तम्मा, कावेरत्तेला विचारलंस का?” मी श्रीपादला म्हटलं.

“तिचा काय संबंध? तिला इंटरनेट कळतं का?”

“घरात सध्या तीच आहे ना? लाव फोन.”

कावेरत्ते म्हणजे अप्पय्यांची धाकटी बहीण, त्यांना अण्णय्या म्हणणारी. कानानं अर्धी, हट्टानं दुप्पट.

“पूजा छान झाली रे,” अत्ते म्हणाली. “विळी, अडकित्ता, मिक्सर, अण्णय्याची सायकल, सगळं पुजलं. तुझं ते खोकंपण. किती रे धूळ त्यात! वायरी काढून लख्ख पुसलं, कुंकू लावलं, शेवंती घातली. देवासमोर पाटावर ठेवलंय.”

श्रीपादनं कपाळावर हात मारून घेतला. “अत्ते, वायरी लाव. आत्ता चालू कर!”

“आज? डोकं फिरलं का? आज हत्यारांनी काम करायचं नसतं. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस झोपू दे. उद्या उठवीन.”

“अगं, अप्पय्यांच्या आवाजासाठी…”

“काय? प्रसादासाठी? फोडला ना नारळ.”

मला हसू आलं आणि रागही आला. अर्धा तास तो विनवत होता, ओरडत होता, शेवटी पाया पडतो म्हणाला. अत्तेचं एकच. “पुजलेलं हत्यार मी हलवणार नाही. अण्णय्यानं सांगितलं तर गोष्ट वेगळी. घरचा यजमान तो.”

श्रीपाद तीरासारखा वॉर्डात घुसला. मी मागं धावले. “खबरदार! डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“दोनच शब्द, अक्का. चार वाजून गेलेत!”

त्यानं फोन अप्पय्यांच्या तोंडाशी धरला. अप्पय्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवून नको म्हणत होते. पण घामानं भिजलेला तो लेक समोर उभा, काय करतील? हळूच म्हणाले, “कावेरी…”

“कोण?” फोन किंचाळला. “मोठ्यानं बोला!”

अप्पय्या कोपरांवर भार देऊन उठून बसले. आणि देवाशपथ सांगते, स्टँडवरचा आवाज आला. खणखणीत. “कावेरी! ते खोकं चालू कर. पूजा पुरे झाली!”

समोरच्या कॉटवरचा पेशंट दचकून उठून बसला. पलीकडून अत्ते गरीब गाईसारखी म्हणाली, “बरं, अण्णय्या.” श्रीपाद फोन घेऊन बाहेर पळाला. “निळी वायर, अत्ते, निळी! पिवळी नाही गं! आधी फुलं काढ त्यातली!” त्याचं ओरडणं जिन्यावरून खाली खाली जात राहिलं.

इकडं अप्पय्यांना खोकला सुटला. थांबेचना. नर्स आली, तोंडावर वाफेचा मास्क लावला, मला टाकून बोलली. खोकला थांबल्यावर त्यांनी मास्क बाजूला केला आणि माझ्याकडं वळून बोलू लागले.

ओठ हलले. नुसती हवा आली.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. त्यांनी गळ्याला हात लावून पाहिला.

“राहू दे, अप्पय्या. नका जोर करू.” मी उशीखालची पाटी आणि खडू त्यांच्या हातात दिला. “लिहा. काय सांगायचं होतं ते लिहा.”

त्यांनी खडू घेतला. पाटीवर टेकवला. मग मान हलवली आणि पाटी मला परत दिली. ते लिहायचं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले आणि मला रडू आवरेना. कावेरत्तेचा राग आला, इस्माईलचा आला, जिन्याखालच्या त्या भंगाराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा, की मी तो फोन हिसकावून का घेतला नाही.

पाचला थोडा वेळ असताना श्रीपाद आला. उघडा लॅपटॉप छातीशी धरलेला, चेहरा दिवाळीसारखा. “आलं! अप्पय्या, सगळं आलं! बाईंना देऊनही आलो. एक अक्षर गेलेलं नाही. हे ऐका!”

त्यानं कळ दाबली. वॉर्डात तरणाताठा आवाज घुमला. कुमट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे, प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं. अप्पय्या ऐकत होते. मग त्यांनी हात लांब करून श्रीपादच्या मनगटाला धरलं, त्याला जवळ ओढलं आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करत, काहीतरी बोलले.

श्रीपादची नजर पडद्यावरच होती.

“काय?” तो म्हणाला. “मोठ्यानं बोला ना, अप्पय्या. या आवाजात ऐकू येत नाहीये.”