राहिलेला हातचा

संध्याकाळच्या वर्गाच्या बाई परीक्षेला कधी घाबरल्या नव्हत्या, पण त्या ऑनलाइन प्रशिक्षणानं त्यांच्या नाकी नऊ आणले. मोठ्या माणसांना शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी संकेतस्थळावरचे धडे पुरे करायचे, शेवटी आपल्या वर्गाचा व्हिडिओ पाठवायचा आणि तो पास झाला तरच पुढच्या सत्रात वर्ग मिळणार, असा वरून हुकूम आला होता. बाई दिवसा एका दवाखान्यात केसपेपर काढत, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. पण हा वर्ग गेला तर आपलं असं काहीच उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

धडे त्यांनी मुकाट्यानं पाहिले. पडद्यावरची टापटीप मुलगी हसून सांगायची, की प्रौढ विद्यार्थी मनात भीती घेऊन वर्गात येतो. बाई मोबाइलकडे बघून म्हणायच्या, तू मला सांगणार होय. पण खोटं कशाला बोला, धडे चांगले होते. एक-दोन तर थेट मास्तरांच्या तोंडचे वाटावेत असे होते.

मास्तर म्हणजे याच वर्गाचे जुने शिक्षक. बाई तेव्हा बाई नव्हत्या. बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरणारी, शाळा अर्ध्यात सुटलेली एक पोरगी होती. मागच्या बाकावर बसायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. एकदा मास्तरांनी फळ्यावर बेरीज केली आणि हातचा मिळवायचा राहिला. सगळे नेहमीसारखे माना डोलावत होते. पोरीच्या तोंडून निसटलं, "मास्तर, चुकलं." मग तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खडू पुढे केला आणि म्हणाले, "मग ये, बरोबर कर." काय दिवस होते ते! तेवढ्या एका खडूनं त्या पोरीचं आयुष्य बदललं.

पुढे वर्ग बाईंकडे आला आणि त्याबरोबर एक खोडही आली. अधूनमधून त्या फळ्यावर एक चूक करायच्या, अगदी ठरवून. वर्गालाही ते माहीत होतं. मालट्रकचा ड्रायव्हर तर टपूनच बसायचा. चूक सापडली की पठ्ठ्या दोन दिवस कॉलर ताठ करून फिरायचा.

व्हिडिओतही बाईंनी तेच केलं. सात आठे चोपन्न लिहिलं, ड्रायव्हरनं पकडलं, वर्ग खदखदून हसला. काही दिवसांनी शेरा आला: शिक्षिकेला पाढे येत नाहीत, नापास, आणखी एकच संधी. बाई आधी पोट धरून हसल्या, मग घरी जाऊन रडल्या. संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी बजावलं, की बाई, या वेळी सरळ शिकवा, नसते उपद्व्याप नकोत.

दुसऱ्या खेपेला बाईंनी वर्गाला तंबीच दिली, आज चूक होणार नाही, तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नाही. ड्रायव्हरनं मोबाइल धरला. तीन पोत्यांच्या वजनांची बेरीज होती: अठ्ठेचाळीस, सदतीस आणि सव्वीस किलो. समोरच्या मोबाइलकडे बघू नये म्हणून बाई भरभर लिहीत गेल्या. खाली उत्तर मांडलं एक्याण्णव, आणि पुढच्या गणिताकडे वळल्या.

ड्रायव्हरला चूक दिसली होती, पण बाईंचा शब्द मोडायचा कसा? सगळेच ओठ आवळून बसले होते.

"बाई, चुकलं."

आवाज मागच्या बाकावरून आला. इस्त्रीच्या दुकानात काम करणाऱ्या काकू होत्या त्या. वर्गात आल्यापासून त्यांनी नुसती मान हलवली होती. आता त्या उभ्या राहिल्या होत्या आणि कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "हातचे दोन राहिले," त्या हळूच म्हणाल्या.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. खरंच राहिले होते. खडू धरलेला हात आपोआप पुढे गेला. "मग या काकू, बरोबर करा."

काकूंनी एकशे अकरा लिहिलं, तिरकं पण ठसठशीत. ड्रायव्हर म्हणाला, हे पुसून टाकतो, पुन्हा घेऊ. वेळही होता. पण काकू बाकावर बसून बोटांना लागलेल्या खडूकडे बघत होत्या आणि तो झटकत नव्हत्या. बाई म्हणाल्या, आहे तसाच पाठव. नंतर हे कळल्यावर केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला.

निकाल आला तो पास होऊन. तपासणारं माणूस या वेळी दुसरं असावं. शेऱ्यात एवढंच होतं, की इथे विद्यार्थिनी शिक्षिकेची चूक न भिता सांगते, वर्ग चालू ठेवावा. बाईंनी तो वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला.

वर्ग सुटल्यावर काकू जिन्यावर रेंगाळल्या. मग धीर करून म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. त्या दिवशी खरंच चुकलात, का मुद्दाम?"

कुलूप लावता लावता बाई थांबल्या. याच जिन्यावर त्या पुडे भरणाऱ्या पोरीनं मास्तरांना हेच विचारलं होतं. उद्या ये, सांगतो, असं मास्तर म्हणाले होते. पोरगी दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. रोजचं उत्तर तेच, उद्या. त्या उद्याच्या ओढीनं ती जात राहिली, शिकली, परीक्षा पास झाली. मास्तर गेले, पण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली.

"उद्या या काकू," त्या म्हणाल्या, "सांगते."