हललीस तरी चालेल

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मला तुमच्या घरातल्या साध्या खुर्च्यांत मोजू नका हं! मी सलूनमधली खुर्ची. मी गोल फिरते, दांडा दाबला की वर जाते, आणि मान टेकायला माझ्याकडे खास उशी आहे. कारखान्यात माझ्यावर लाल रेक्झिन चढवणारा कारागीर म्हणाला होता, "ही तीस वर्षं टिकेल." चौतीस झाली. अजून ठणठणीत आहे.

माझ्या मालकांना सगळी गिऱ्हाइकं मास्तर म्हणतात. त्यांचा हात हलका आणि गप्पा भारी. इतकी वर्षं त्यांच्याकडे काढली, तेव्हा एक विद्या मलाही आली. माणूस टेकला की त्याच्या पाठीवरून मी त्याचा जीव ओळखते. मुलाखतीला निघालेला कसा बसतो आणि लग्नाला निघालेला कसा, हे मला विचारा.

दोन वर्षांपूर्वी मास्तर आणि त्यांच्या बायकोनं सहा वर्षांची एक मुलगी दत्तक घेतली. तोवरचं तिचं सगळं आयुष्य एका संस्थेत गेलं होतं. तिथे चाळीस मुलं आणि सांभाळायला दोन मावश्या. त्या बिचाऱ्यांनी तरी कोणाकोणाला जवळ घ्यायचं? पोर घरी आली ती पायाला भिंगरी लावूनच. म्हणून नावही भिंगरीच पडलं. जेवताना दहा वेळा उठायची. वहीत एक ओळ लिहिली की खिडकीत पळायची. दाढी करायला आलेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर खुशाल जाऊन बसायची. शेवटी शाळेतल्या बाईंनी हात टेकले. "महिनाभरात एका जागी बसायला लागली नाही, तर तिला माझ्या वर्गात ठेवणं कठीण आहे," असा त्यांचा निरोप आला. मास्तरांचा चेहरा उतरला.

त्याच आठवड्यात मास्तरांनी केस कापायला तिला माझ्यावर बसवलं आणि नवलच झालं. बसली ती बसलीच! ना हूं, ना चूं. गिऱ्हाइकं म्हणाली, "मास्तर, काय गुणी पोर आहे हो!" मास्तर असे फुलले की विचारू नका. त्यांना वाटलं, औषध सापडलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की भिंगरी माझ्यावर, माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी आणि फळीवर वही. पानंच्या पानं भरू लागली. येईल त्याला मास्तर ती उघडून दाखवायचे. पण कोणी नीट वाचली नाही. प्रत्येक पानावर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली होती.

मी मात्र अस्वस्थ होते. तिची पाठ लाकडासारखी ताठ असायची. श्वास रोखलेला. नखं माझ्या रेक्झिनमध्ये रुतलेली. अहो, ही शांत नाही, घाबरलीय! मला तोंड असतं तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

एका संध्याकाळी तिची आई डबा घेऊन आली आणि सहज तिनं भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. फ्रॉक घामानं चिंब.

"अगं, भिजलीस की! उतर बघू खाली."

भिंगरी हलली नाही. ओठसुद्धा न हलवता म्हणाली, "हललं की रांगेत शेवटी जावं लागतं."

"कसल्या रांगेत?"

"तिकडे. केस कापायच्या. आणि शेवटच्याला बिस्किट उरत नाही."

मास्तरांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढी अर्धी झालेली. मास्तर बाकावर बसले आणि म्हणाले, "आणि मी मूर्ख, शेखी मिरवत होतो." त्यांचे डोळे भरून आले. मग ते माझ्यापुढे गुडघ्यावर बसले. "हे बघ पोरी, आजपासून कात्रीची मालकीण तू. तू थांब म्हणालीस की मी थांबणार. आणि हललीस तरी चालेल."

रविवारी तिनं परीक्षा घेतली. कात्री केसाला लागायच्या आत "थांब!" मास्तर थांबले. पुन्हा "थांब!" पुन्हा थांबले. असं एकतीस वेळा. ताटकळलेलं एक गिऱ्हाइक तणतणत निघून गेलं. मास्तरांनी मान वर करूनही पाहिलं नाही. दुकान बंद करायच्या वेळेला डोक्याची उजवी बाजू कापून झाली होती, डावी तशीच!

सोमवारी तशाच अवतारात भिंगरी शाळेत. बरोबर मास्तर. बाईंना आधी हसू आवरेना. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तर म्हणाले, "बाई, हलत नव्हती तेव्हा तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तिला हलू द्या. घाई नका करू, मीपण नाही करणार." बाईंनी तिला वह्या वाटायचं काम दिलं, मागच्या बाकाशी उभं राहून लिहायची मुभा दिली, आणि महिन्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

डावी बाजू पुरी व्हायला आणखी तीन रविवार लागले. आई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी असायची. त्यातल्या शेवटच्या रविवारी मास्तर कानामागचे केस काढत होते, तेवढ्यात भिंगरी किंचाळली, "ओ बाबा, गुदगुल्या!" आणि अशी वळवळली, अशी लाथ झाडली, की तिच्या बुटाच्या बक्कलानं माझा डावा हात टराटरा फाडला. चौतीस वर्षांत मला कोणी एवढं दुखावलं नव्हतं, आणि एवढा आनंदही कोणी दिला नव्हता.

मित्रांनो, भिंगरी अजून भिंगरीच आहे. अभ्यास तुकड्यातुकड्यानं होतो, कधी होतही नाही. पण वहीतल्या ओळी आता वेगवेगळ्या असतात. तुम्ही माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, वेळेवर तेल द्या, हे तर आहेच. त्याहून एक मोठं मागणं आहे. वळवळणाऱ्या मुलाला वाईट ठरवू नका. आणि एखादं मूल फारच गप्प बसलं असेल, तर त्याला शाबासकी देण्याआधी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा.

बरं, आता थांबते. शाळा सुटली वाटतं. दप्तर कोपऱ्यात भिरकावलं, आणि बाईसाहेब चढल्या माझ्यावर. झालं, फिरले मी गरागरा! चक्कर येतेय, स्क्रू कुरकुरतायत. फिरव, पोरी, आणखी फिरव!