सगळ्याला चालणारी लेन्स

लेन्स एकच घ्यायची आणि तीही ताईला विचारून, हे धाकटीच्या मनात पक्कं होतं. ताईच्या स्टुडिओत राबून तिनं स्वतःचा कॅमेरा जमवला होता. आता एका नाटकमंडळीच्या दिग्दर्शकानं तिला रंगीत तालमीचे फोटो काढायला बोलावलं होतं. फोटो पसंत पडले की वर्षभराचं काम तिचं, तिच्या एकटीच्या नावावर. आजवर तिनं काढलेल्या फोटोंखालीही ताईचंच नाव पडायचं. गिऱ्हाइकांपुढे ताई तिची ओळख "ही माझी मदतनीस" अशी करून द्यायची आणि ही वेडी हसून मान डोलवायची.

दुकानदारानं काउंटरवर दोन लेन्स मांडल्या. एक नवी कोरी, लांब पल्ल्याची. समोरच्या माणसापासून पलीकडच्या गच्चीवरच्या कबुतरापर्यंत सगळं हिच्यात मावायचं. दुसरी वापरलेली पण चोख, पल्ला आखूड आणि वजनाला दगड. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

"काम कुठलं करणार? भरपूर उजेडातलं की अंधारातलं?" त्यानं विचारलं.

धाकटी तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "रोजचंच हो. घरचे समारंभ, मुलंबाळं, फिरायला जाणं. हिला सगळ्याला चालणारी एकच लेन्स हवीय."

"मग ही नवी घ्या. सारखी बदलाबदली नको."

"ताई, पण नाटक..."

"अगं, सगळ्यात नाटकही आलंच की! आणि दुसऱ्याचं उतरलेलं कशाला गळ्यात बांधून घेतेस?" असं म्हणत ताईनं नवी लेन्स कॅमेऱ्याला चढवली आणि तिला दुकानाच्या दारात, उन्हात नेलं. "काढ बघू."

रस्त्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाचं बटण न् बटण दिसलं. दिसणारच! भर उन्हात कुठली लेन्स वाईट असते? पण धाकटीनं आजवर काम केलं ते फक्त स्टुडिओत. तिथं उजेड कमी पडला की दिवा वाढवायचा, एवढंच तिला ठाऊक. ताईला मात्र पुढचं सगळं ठाऊक होतं. धाकटीनं आनंदानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि ताईनं ते टाकू दिले.

तालमीत रंगमंचावर एकच दिवा होता. त्याखाली म्हातारा बाप पोराला घराबाहेर काढत होता. धाकटीनं झूम करून बापाचा चेहरा जवळ ओढला, तर फोटो काळाकुट्ट. ही लेन्स जितकी लांब करावी तितका कमी उजेड आत घ्यायची; दुकानात राहिलेली ती दगडासारखी जुनी लेन्स अशा अंधारासाठीच होती. शटर मंद केलं तेव्हा बापाचा उगारलेला हात धुरासारखा फिसकटला. कमी उजेडातही टिपता यावं म्हणून आयएसओ चढवलं तेव्हा त्याच्या गालांवर रवा सांडल्यासारखे ठिपके आले. फ्लॅशला बंदी होती आणि पुढे सरकायला मनाई. ती घामाघूम झाली, पण हाती एक फोटो धड लागला नाही.

दिग्दर्शक रागावला असता तरी परवडलं असतं. तो समजुतीनं म्हणाला, "असू दे गं. ताईनं सांगितलंच होतं."

"काय सांगितलं होतं, सर?"

"शनिवारी तिचा फोन आला होता ना! म्हणाली, धाकटीनं आत्ताच लेन्स घेतलीय, पण ती अंधारात चालायची नाही. पोरीला नाराज करू नका, एक तालीम काढू द्या. उद्यापासून मी आहेच." बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं आणि तो घाईघाईनं चष्मा पुसायला लागला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कुंपणानंच शेत खाल्ल्यावर दाद मागायची कुणाकडे?

ती स्टुडिओत आली तेव्हा ताईची उद्याची बॅग भरून तयार होती.

"दुकानात तुला माहीत होतं?"

"सगळ्याला चालते म्हणाले, त्यात खोटं काय..."

"ताई, माहीत होतं का?"

"होतं." ताई खुर्चीत बसली. "ते काम मिळालं असतं तर तू राहिली असतीस इथं? कॅमेरा कसा धरायचा इथपासून शिकवलं मी तुला. एवढं शिकवून शेवटी मी एकटीच का?"

"तू शिकवलंस म्हणूनच तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

ताईला रडू फुटलं. धाकटीला ते येईना. तिच्या अंगात नुसता संताप होता, आणि आंधळा विश्वास टाकल्याची लाज होती.

"जाणार आहेस का?" ताईनं नाक पुसत विचारलं.

"कुठं जाऊ? काम तर तू घेतलंस. येईन सकाळी नेहमीसारखी."

राग काय, दोन दिवसांत निवळेल, असं ताई धरून चालली. धाकटी वेळेवर येई, दिवे लावी, हसून बोलेही. काही दिवसांनी तिनं ती लेन्स विकली आणि दुसरीची चौकशी सुरू केली. मोबाइलवर दोन लेन्स काढून तिनं शेजारच्या शिंप्याला विचारलं, "काका, यातली कुठली घेऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं, पोरी?" तो बिचारा गोंधळला. "ताईला विचार की."

ताई तिथंच दारात उभी होती.

"नको," धाकटी म्हणाली. "तुम्हीच सांगा."