गुडघ्याच्या वाटीचं कार्ड

आमच्या कोशाच्या कचेरीत दोनच प्रकारची माणसं आहेत, लिहिणारी आणि तपासणारी. मी तपासणारी, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत सलणारी. लिहिणारा एका अवयवाचं एक कार्ड करतो. त्याचं लॅटिन नाव, त्या नावाचा मूळ अर्थ आणि युरोपातल्या कुठल्या भाषेने पुढे त्याचं काय केलं, हे सगळं त्यावर. मी ते ग्रंथांशी ताडून बघते. चुकलं असेल तर कार्डाचा कोपरा लाल पेन्सिलीने रंगवून ज्याचं त्याला परत. बरोबर असेल तर छापखान्यासाठी स्वच्छ प्रत काढायची, खाली सही करायची आणि पेटीत टाकायची. लाल कोपरा आला की भलेभले दिवसभर तोंड पाडून बसतात. मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

हे सगळं मला बाईंनी शिकवलं. बाई आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या. मी नवी असताना माझी कार्डं त्या तपासायच्या, आणि इतकी लाल करायच्या की शिपाई एकदा म्हणाला, "ताई, रक्तदान शिबिर भरवलंय का?" पुढे त्या लिहायला बसल्या, मी तपासायला बसले आणि गुरूची विद्या गुरूवरच चालवू लागले. तेव्हापासून त्या मला खडूस म्हणतात. लाडाने म्हणतात, पण म्हणतात.

आणि याच खडूसने गेले कित्येक महिने बाईंना एकही लाल कोपरा पाठवलेला नव्हता.

सुरुवात गळ्याखालच्या आडव्या हाडापासून झाली. त्याला लॅटिनमध्ये 'छोटी किल्ली' म्हणतात, जर्मनही किल्लीचंच हाड म्हणतात. बाईंनी ती किल्ली नेऊन पोटरीच्या हाडाला लावली. हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. दमल्या असतील, असं म्हणून मी स्वच्छ प्रतीत दुरुस्त करून टाकलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. प्रत मीच काढते, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. या वयात कशाला त्यांना खाली मान घालायला लावायची, असं मी स्वतःला समजावलं. खोटं कशाला बोलू, आपण किती मोठ्या मनाच्या, म्हणून स्वतःवर जरा खूशही होते.

मग गेल्या सोमवारी बाई गुडघ्याच्या वाटीचं कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"ए खडूस, हे ऐक. पटेला म्हणजे पसरट छोटी ताटली. रशियन लोक गुडघ्यात पेला ठेवतात, स्वीडिश लोक वाडगा ठेवतात आणि आपण वाटी! एकमेकांना न विचारता सगळ्यांनी भांडीच मांडून ठेवलीत बघ."

"आणि पोलिश लोकांनी?"

"सलगम! छोटंसं सलगम म्हणतात ते. इतकी भांडी मांडल्यावर कोणीतरी भाजी आणायला नको?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. कार्डात चूक होती. फ्रेंचांनी हा शब्द स्वयंपाकघरातच ठेवला, त्यांच्या तव्याचं नाव यातूनच आलं. गुडघ्याच्या वाटीला मात्र ते 'छोटं चाक' म्हणतात. बाईंनी तवा आणि चाक एकत्र कालवलं होतं. मी निमूट दुरुस्त केलं, सही केली.

गुरुवारी बाई पुन्हा आल्या. हातात नवंकोरं कार्ड, चेहरा तसाच फुललेला.

"ए खडूस, हे ऐक. पटेला म्हणजे पसरट छोटी ताटली."

पेला आला, वाडगा आला, वाटी आली. त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय विचारायचं ते मला माहीत होतं. मी विचारलं, "आणि पोलिश लोकांनी?" सलगमावर मी हसले, सोमवारी जिथे हसले होते तिथेच. मग ते कार्ड खणात टाकलं आणि दुपारचा डबा न उघडता तसाच घरी नेला.

शुक्रवारी संपादकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "बाईंचं कार्ड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वर्षभरात एक लाल नाही. सोमवारपासून त्यांची कार्डं तपासायची गरज नाही, थेट छापखान्यात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात मला त्या वेळी अगदी नकोसे झाले.

आता सांगणं भागच होतं. चहाच्या सुट्टीत मी बाईंच्या टेबलाशी जाऊन बसले. तोंड उघडणार एवढ्यात त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. तुझे आभार मानायचे होते."

"माझे कशाला?"

"माझी आई शेवटी शेवटी मला विचारायची, तू कोणाची गं? ती भीती मनात असतेच. मध्यंतरी मी गॅस चालू ठेवून बाहेर गेले, तर लेक घाबरून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, लवकर कळलं तर औषधाने थोडं थोपवता येतं. मग त्यांनी विचारलं, कामात चुका होतात का? मी म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे एक खडूस आहे, ती सख्ख्या बापालाही सोडायची नाही. चूक झाली असती तर लाल कोपरा आला असता. एकही आलेला नाही. ते हसले. म्हणाले, मग घाई नको, सहा महिन्यांनी या." बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "लेक अजून मागे लागते. मी तिला सांगते, खडूस आहे ना."

मला रडू आलं, पण रडायचा हक्क माझा नव्हता. मी उठले, खणातून ते कार्ड आणलं, पेटीतून सोमवारची प्रत काढली आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे मी दोनदा लिहिलं?"

"हो."

"आणि फ्रेंचांचा तवा? दोन्ही वेळा?"

"हो. माझी प्रत दुरुस्त केलेली आहे."

"आधीची कार्डं?"

"बरीच चुकलेली होती, बाई. मी परत पाठवली नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"तुला कोणी सांगितलं होतं दया करायला?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुला एवढी लाल पेन्सिल चालवायला शिकवली, ती कशाला? मी रोज त्या कोपऱ्याची वाट बघत होते गं. आला नाही की सुटकेचा श्वास टाकायचे. इतके महिने वाया घालवलेस माझे."

"चुकलंच माझं," मी म्हणाले.

त्यांनी गुरुवारचं कार्ड माझ्याकडे सरकवलं. "लाल कर."

मी नवी असताना त्या कार्ड धरायच्या तसं त्यांनी ते दोन बोटांनी दाबून धरलं आणि मी कोपरा रंगवला. त्यांनी कार्ड पर्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशेजारी ठेवलं आणि लेकीला फोन लावून उद्याचीच वेळ घ्यायला सांगितली.

दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"खडूस, उद्या मला यातलं काहीच आठवलं नाही, तर पुन्हा सगळं सांगावं लागेल तुला. तू काय केलंस तेसुद्धा. सांगशील?"

"सांगेन," मी म्हणाले.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."