फिकं जेवण

एकच मिरची होती. लाल, वाळून खडखडीत झालेली, देठाशी जराशी वाकलेली, आणि गच्चीवर, म्हणजे घराच्या धाब्यावर, कठड्याची सावली संपते नेमकी तिथे पडलेली. शेजारच्या शेवंताबाईंच्या खाटेवरून उडून आलेली असणार. पलीकडच्या धाब्यावर खाटेवर जुनी लुगडी अंथरून त्यांनी वर्षाच्या काळ्या तिखटासाठी नंदुरबारच्या मिरच्या पसरल्या होत्या, आणि वैशाखातलं जळगावचं वारं आधीच भट्टीतून निघाल्यासारखं, त्यात हा ठसका… पिळलेले कपडे खांद्यावर तसेच ठेवून लता त्या मिरचीकडे पाहत उभी राहिली. उचलायची आणि कठड्यापलीकडे टाकायची, एवढंच काम. एवढ्या कामाला कोणी इतका वेळ लावत नाही.

या घरात अकरा वर्षं मिरची आली नव्हती. हिरवी नाही, लाल नाही, फोडणीपुरतीसुद्धा नाही. खानदेशात राहून हे म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ वर्ज्य करण्यातला प्रकार. पाहुणे आले की पहिल्या घासाला एकमेकांकडे बघत, मग पाण्याच्या घोटाबरोबर वरण-भाकरी गिळत, आणि पुढच्या खेपेला परस्पर शेवंताबाईंकडे जेवून येत. नंतर ते यायचेच थांबले. लताला कोणाचा राग नव्हता. शाळेत डबा खायला बसल्यावर बाकीच्या शिक्षिकांच्या शेंगदाण्याच्या चटणीचा, वांग्याच्या भरताचा वास यायचा, तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसायची. आणि ‘लताबाईंचं काहीतरी पथ्य आहे’ हे इतक्या वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडून गेलं होतं.

पथ्य कसलं! पथ्य असायला दुखणं लागतं. दुखणं नवऱ्याला, अभिमनला होतं, आणि तो…

तिने मिरची उचलली. पलीकडे टाकली नाही. कपडे दोरीवर घालून झाल्यावर मूठ तशीच मिटलेली ठेवून ती जिना उतरली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे, तिने ती ठेवून दिली. चोरून ठेवल्यासारखी. आपल्याच घरात, या वयात… तिला हसू आलं, आणि मग ते आलं तसं गेलंही.

पुढच्या खोलीत भागाबाई सुपात गहू निवडत बसल्या होत्या. अभिमनची आई. तो गेल्यावर धुळ्याकडचं गावचं घर बंद करून त्या इथे आल्या. का आल्या, हे लताला कधी नीट उमगलं नव्हतं. सुनेचं तोंड पाहवत नाही म्हणणारी म्हातारी त्याच सुनेच्या घरी राहायला का येते? लोक म्हणत, म्हातारपण आहे, जाईल कुठे. लताला वाटायचं, त्या पहारा करायला आल्या असाव्यात. घरात मिरची येते की काय, यावर.

आणि रोज, न चुकता, रात्रीच्या जेवणाला, पहिला घास मोडला की त्या ताटाकडे पाहूनच बोलायच्या, “त्याले असंच फिकं देती ते आज जित्ता ऱ्हाता मना पोऱ्या.” आवाज चढवून नाही, रडून नाही. देवाला नैवेद्य दाखवताना जसं पुटपुटतात तसं. मग जेवायच्या.

आज दुपारी रेडिओवर लताचं भाषण होतं. विज्ञानात नवीन काय चाललंय ते बायकांना समजेल अशा भाषेत सांगायचं, महिन्यातून एकदा, दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात. शाळेतली विज्ञानाची बाई म्हणून कोणीतरी तिचं नाव सुचवलं होतं आणि तिने ते काम धरून ठेवलं. कॉलेजच्या वाचनालयात जाऊन इंग्रजी मासिकं चाळायची, कात्रणं जमवायची… जगात एवढी माणसं एवढं काही शोधत बसलेली आहेत याचा तिला आधार वाटायचा. तिचा आवाज केळीच्या बागांतून, दाळ मिलच्या वस्तीतून, असोद्या-नशिराबादच्या ओसऱ्यांवरून फिरून यायचा. घरात मात्र तो आवाज दिवसातून चार-दोन वाक्यांपुरता लागायचा.

या वेळी तिने निवडलेलं सगळं छान होतं. एक धूमकेतू फुटून त्याचे तुकडे येत्या जुलैत गुरूवर आदळणार होते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत वाढवलेल्या केळीच्या रोपांबद्दल होतं, ते तर जळगावकरांच्या जिव्हाळ्याचं. आणखी एक होतं माणसांविषयी: ज्यांना आपलं म्हणावं असं कोणी नाही ती माणसं इतरांपेक्षा लवकर मरतात, आणि हा धोका म्हणे विडी-सिगारेटीएवढाच. ते लिहिताना तिची लेखणी थांबली होती. आपलं म्हणावं असं म्हणजे काय? रोज एकच टोमणा मारणारं माणूस त्यांच्या मोजणीत धरतात की नाही, हे काही कात्रणात दिलं नव्हतं.

आणि शेवटी ते. पोटातल्या व्रणाचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती वाचनालयात उभी होती. बसायचं सुचलंच नाही. जठरातल्या आम्लातही तग धरणारा, मळसूत्रासारखा वळलेला एक जंतू… बहुतेकांचा व्रण त्याच्यापायी होतो. तिखटाने होत नाही. काळजीनेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टराचं कोणी ऐकेना तेव्हा त्याने तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला. यंदा अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या बैठकीनेही मान्य केलं: जंतू मारायचं औषध काही दिवस द्यावं, व्रण बरा होतो. तिने आजूबाजूला पाहिलं होतं, कोणी आपल्याला वाचताना पाहिलं तर नाही ना म्हणून. टेबलाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्रावर मान टाकून झोपले होते. पंखा फिरत होता. तिला वाटलं, आता काहीतरी व्हायला हवं… छातीवरचा दगड उतरतो म्हणतात, तसं काही. काहीच झालं नाही. तिने मासिक परत जागेवर ठेवलं आणि घरी येऊन दुधी चिरायला घेतला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंडित म्हणाला होता. कार्यक्रमाचं बघणारा तरुण, भला मुलगा. “मॅडम, धूमकेतू शेवटी घेऊ या का? पोटाच्या आजारावर संपवलं तर कसं वाटेल?”

“राहू द्या. हेच शेवटी राहू द्या.”

“बरं. पण तिखटाने काही होत नाही म्हणताय, आमच्याकडे घरोघर आनंद होईल बघा.”

ती हसली होती. काचेपलीकडे लाल दिवा लागला आणि ती वाचायला लागली, आणि वाचताना तिला पक्कं ठाऊक होतं की आपण हे खानदेशासाठी वाचत नाही. एकाच घरासाठी वाचतो आहोत. अकरा वर्षं जे तोंडासमोर बोलता आलं नाही ते सांगायला एवढं मोठं यंत्र, एवढा उंच मनोरा…

बाराच्या पुढे कधीतरी भागाबाईंनीच रेडिओ लावला. त्या रोज लावत, गाण्यांसाठी. लता स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली. तिचा आवाज आला, जरा पातळ, जरा परका, शाळेतल्या वर्गात असतो त्याहून गोड. धूमकेतू आला. केळीची रोपं आली. सुपातले गहू सर्र सर्र वाजत होते. आपलं म्हणावं असं कोणी नसलेली माणसं आली आणि गेली. मग व्रण आला, आणि ती ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिली…

…त्या दिवशी तो मिलमधून लवकर आला होता. दुधाचा पेला पाहून त्याने तोंड फिरवलं. दूध, मऊ भात, उकडलेली भाजी. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ती काटेकोरपणे पाळत होती, आणि माणूस दिवसेंदिवस उतरत होता. दाळ मिलमध्ये हमालांच्या पंगतीत बसून कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खाणारा अभिमन… तो म्हणाला होता, “लता, एक बोट. बोटभर ठेचा दे. मग मरू दे मला.” असं हसून म्हणाला की तिलाही हसू आलं. तिने चार मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण, मीठ, तव्यावरच तांब्याने रगडल्या. तो जेवला. कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवला. बोटं चाटली, तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. दुसऱ्या दिवशी रक्ताची उलटी. दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळेपर्यंत… भागाबाई धावत धुळ्याहून आल्या तेव्हा तवा तसाच होता, न घासलेला. हिरव्या रगड्याचा डाग त्यावर वाळून बसलेला. त्यांनी तवा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांनी एवढंच केलं होतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. एवढंच होतं का ते? अकरा वर्षं दोन बायका मिळून साप साप म्हणून भुई धोपटत होत्या, आणि साप भलत्याच बिळात. आणि सगळ्यात जीवघेणं तर हे, की अभिमन कण्हत होता त्याच सुमारास तिकडे समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात दोन माणसं सूक्ष्मदर्शकातून तो जंतू पाहत बसलेली होती. म्हणजे कळलेलं होतं. फक्त इथपर्यंत यायचं होतं. आता यासाठी कोणावर रागवायचं? समुद्रावर? बातमीच्या चालीवर?

रेडिओतली लता म्हणाली, नमस्कार. मग गाणं लागलं आणि लगेच बंद झालं. भागाबाईंनी बटण फिरवलं होतं.

“लता.”

नावाने हाक त्या क्वचितच मारत. ती उंबऱ्याशी आली. सुपात गव्हाचा ढीग तसाच होता. म्हातारीचे हात त्यावर पालथे पडलेले.

“रेडिओवर तू बोलनी ना?”

“हो, आई.”

“ते खरं शे?”

“खरं आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनी मान्य केलंय.”

“तिखटवरी नही व्हत?”

“नाही होत.”

भागाबाईंनी एक गहू उचलला, पाहिला, परत ठेवला. “मंग तो किडा… कोठून उना तो?”

“किडा नाही, आई. जंतू. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. लहानपणीच शिरतो म्हणतात, पाण्यातून, हाताहाताने. कुठून ते नक्की सांगता येत नाही.”

लहानपणी हा शब्द तोंडातून निसटला आणि लताला तो परत घ्यावासा वाटला. लहानपणी म्हणजे यांच्या घरात. यांच्या रांजणातून, यांच्या हातच्या घासातून… म्हातारीच्या चेहऱ्यावर ते पोहोचलं की नाही, कळलं नाही. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग मान वर न करता म्हणाल्या,

“मंग आते मी कोणले बोलू?”

लता उंबऱ्याला टेकून उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली. तिला वाटलं, जवळ जावं, त्यांच्या हातावर हात ठेवावा. पण त्या दोघींच्यात हाताची सवयच नव्हती. एका वाक्याची होती.

ती आत गेली. पाणी प्यायली. आणि मग, ओट्याशी उभी असतानाच, तिला अभिमन आठवला. तवा नाही, रक्त नाही, रिक्षा नाही. नुसता अभिमन, बोटं चाटताना डोळे मिचकावणारा. आजवर त्या डोळे मिचकावण्यापर्यंत ती कधी पोहोचूच शकली नव्हती. मध्ये तवा यायचा. आपण त्याच्यासाठी रडलो तरी कधी होतो? रडलो ते स्वतःच्या हातांसाठी. अकरा वर्षं ती अपराधी होती, विधवा ती आज झाली. पदर तोंडात कोंबून ती रडली, आवाज पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला, आणि मग पाणी वाया जातंय म्हणून तो बंद केला.

संध्याकाळी दिवेलागणीला तिने डोळ्यांवर पाणी मारून स्वयंपाक केला. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, भाकरी. मीठ घ्यायला बरणी सरकवली तर मागची फळी रिकामी होती. मिरची नव्हती. तिने खाली वाकून पाहिलं, ओट्याच्या फटीत पाहिलं. मग भागाबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. त्या मुठीत काही होतं की नव्हतं हे विचारण्याची हिंमत तिला झाली नाही.

तिने दोन ताटं वाढली. रोजच्यासारखी समोरासमोर. भागाबाईंनी पाण्याचे थेंब ताटाभोवती फिरवले, भाकरीचा तुकडा मोडला, दुधीत बुडवला.

आता. आता त्या म्हणतील.

त्यांनी घास तोंडात घातला. चावला. दुसरा मोडला.

या घरात दिवसातून एकदा अभिमनची आठवण मोठ्याने निघायची ती त्या एका वाक्यात. पोऱ्या म्हणून का होईना, तो रोज या दोन ताटांच्या मध्ये येऊन बसायचा; माझ्यावर ठपका ठेवायला आलेला असला तरी यायचा. मीच त्याला उठवून लावलं की काय, एवढ्या दूरवरून, एवढ्या गोड आवाजात? बोला ना, आई. खोटं असलं तरी चालेल, मी काही म्हणणार नाही, मी कधीच काही म्हटलं नाही… बोला.

भागाबाई तिसरा घास मोडत होत्या. पलीकडच्या धाब्यावर शेवंताबाई मिरच्या गोळा करत असाव्यात, वाळल्या मिरच्यांचा खुळखुळाट येत होता. लता हातातला घास तसाच धरून त्या वाक्याची वाट पाहत बसली.