वायरमनच्या थैलीला पडलेल्या खिडक्या

मित्रांनो, जरा जवळ येऊन ऐका. माझ्या आवाजात आता फारसा जोर उरलेला नाही. मी एक जुनी थैली आहे, जाड खाकी कॅनव्हासची. भोकरच्या शेषेराव शिंप्याने मला शिवले, पट्ट्याला दुहेरी टाके घातले आणि रामकिशन वायरमनच्या हाती दिले. "कितीबी जड भरा. फाटली तर आनून द्या," एवढेच तो म्हणाला.

पुढची एकवीस वर्षे मी जडच वाहिले. पक्कड, टेस्टर, फ्यूजची तार, रबरी हातमोजे. कुठे डीपी जळाली, कुठे झाड पडून तार तुटली, की रामकिशन मला खांद्याला अडकवून मोटारसायकलवर निघत. लाइट आली की गावातली माणसे त्यांना धरून बसवत, चहा पाजत. माझ्याकडे कोण बघणार? पण निघताना ते मला एकदा थोपटत. मला तेवढे पुरे होते.

ते निवृत्त झाले आणि मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लागले. आधी माझ्यात कांदे ठेवले, मग जुन्या चपला, मग काहीच नाही. उंदराने माझा एक कोपरा कुरतडला. कोणाच्या लक्षातही आले नाही.

लक्षात तरी कसे येणार? घरात दुसरीच काळजी होती. रामकिशनची फुप्फुसे हळूहळू निबर होत चालली होती. चार पावले चालले की ते भिंत धरत. त्यांची लेक लुंबिनी बंगळुरूला नोकरी करते. तिने हवेतून प्राणवायू गोळा करणारे एक लहान यंत्र घेऊन दिले. त्याची नळी रामकिशनच्या नाकात असते. यंत्र भरल्या कळशीपेक्षा हलके, पण कळशी खाली ठेवता येते. हे यंत्र त्यांच्यापासून दूर ठेवता येत नाही. ते न्हाणीत निघाले की त्यांची बायको नागुबाई यंत्र दोरीने खांद्याला अडकवून मागे जात. अंगणात निघाले की अंगणात. अशी दोन वर्षे गेली.

मग लुंबिनीने बंगळुरूच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. रेल्वेचा लांबचा प्रवास वडिलांना झेपणार नव्हता, म्हणून नांदेडहून विमानाची तिकिटे काढली. यंत्रासाठी तिने चार चाकांची एक चकचकीत बॅग पाठवली. नागुबाईंनी यंत्र तिच्यात ठेवले, चेनच्या फटीतून नळी बाहेर काढली आणि दोघे अंगणात चालून बघू लागले. तिसऱ्या फेरीला यंत्र ओरडायला लागले. आत हवाच जात नव्हती, ते तापले होते. रामकिशनचे ओठ काळेनिळे पडले. चेन अडकली. ती ओढताना नागुबाईंच्या बोटांची सालटे निघाली.

यंत्र बाहेर निघाले. बऱ्याच वेळाने रामकिशनना बोलता आले.

"न्हाई जायाचं मला. तू लई थकून गेलीस."

"थकले तर थकले," नागुबाई म्हणाल्या. "घरी बसून काय होनार हाय?"

त्यांनी लेकीला फोन लावला. लुंबिनी घाबरली. ती म्हणाली, "आई, ती बॅग राहू दे. मी विमान कंपनीच्या बाईंना विचारलं. मशीन बाबांजवळच ठेवायचं. जास्तीच्या बॅटऱ्याही खालच्या सामानात चालत नाहीत, हातातच घ्यायच्या. सीटखाली मावेल आणि हवा खेळेल अशी काहीतरी बघ."

दुसऱ्या दिवशी शेजारणीला रामकिशनजवळ बसवून नागुबाई नांदेडला गेल्या. कॉम्प्युटरची बॅग चारी बाजूंनी बंद होती. शाळेच्या दप्तरात यंत्र आडवे पडेल असे वाटले. एक बॅग दिसायला छान होती, पण तिचा पट्टा बोटाएवढा. त्या रिकाम्या हाताने परत आल्या आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या. पायातली चप्पलही काढली नाही.

मग त्यांची नजर खिळ्यावर गेली. त्यांनी मला उतरवले, झटकले, माझ्यात यंत्र ठेवले. ते ताठ उभे राहिले. पण माझेही पोट बंदच होते. त्या मला घेऊन शेषेरावकडे गेल्या.

शेषेराव आता म्हातारा झाला आहे. त्याने मला उलटीपालटी करून बघितले.

"वहिनी, माझ्याच हातची हाय. कापाया जिवावर येतंय."

"कापा भाऊ. हिला जीव न्हाई. आमच्या मानसाला हाय."

मित्रांनो, ते बोलणे मला लागले. पण त्यांचे काही चुकले नव्हते. कात्री माझ्या दोन्ही कुशींतून फिरली. तिथे शेषेरावने जाळी बसवली, बॅटऱ्यांना दोन वेगळे कप्पे केले आणि विमानतळावर दाखवायच्या डॉक्टरांच्या दाखल्यासाठी बाहेर एक खिसा लावला. घरी आल्यावर नागुबाईंनी तासभर यंत्र माझ्यात चालवून बघितले. ते ओरडले नाही. टोके कशाला टेकून ठिणगी पडू नये म्हणून रामकिशननी जास्तीच्या बॅटऱ्यांच्या टोकांवर काळी टेप गुंडाळली.

विमानतळावर तपासणीच्या जवानाने ती टेप निरखून पाहिली. "ये किसने लगाया?"

"मैंने. वायरमन था," रामकिशन म्हणाले. जवानाने मान हलवली आणि आम्हाला पुढे सोडले.

विमानात मी पुढच्या सीटखाली बसले. माझी जाळी झाकू नये म्हणून नागुबाई पाय आखडून बसल्या. रामकिशन खिडकीतून खाली बघत होते.

"तारा न्हाई दिसत गं वरून."

"न्हाई दिसू दे. गावात लाइट हाय नं?"

ते हसले. हसताना खोकला आला, पण हसले.

बंगळुरूला विमानतळाच्या दारातच लुंबिनी उभी होती. तिने मला घ्यायला हात पुढे केला. नागुबाई पट्टा सोडेनात. "राहू दे. सवय हाय मला." लुंबिनीने त्यांचा पदर सरकवला. दोन वर्षे यंत्र वाहून खांद्यावर काळा वळ उठला होता. तिने आईची बोटे एकेक करून सोडवली आणि मला आपल्या खांद्यावर घेतले.

त्या दुपारी लेकीच्या घरी नागुबाई आडव्या झाल्या. संध्याकाळ झाली, जेवायची वेळ झाली, तरी उठल्या नाहीत. लुंबिनीने कोणाला उठवू दिले नाही.

डॉक्टरांनी औषधे बदलली. फुप्फुसे पूर्वीसारखी होणार नाहीत, असेही स्पष्ट सांगितले. लुंबिनीने महिनाभर घरून काम मागून घेतले आणि ती आमच्याबरोबर भोकरला आली. सकाळी मी तिच्या खांद्यावर असते, दुपारनंतर नागुबाईंच्या. महिना संपल्यावर कसे होईल, ते अजून कोणाला ठाऊक नाही.

मी आता थकले आहे. माझी शिवण पुन्हा उसवू लागली आहे. एवढे एक सांगून थांबते. आजारी माणसाला सगळेच विचारतात, बरे वाटते का? विचारावेच. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही बघा आणि त्याच्या खांद्यावरची थैली अर्धा तास तरी आपल्या खांद्यावर घ्या. मी किती जड आहे, ते मला ठाऊक आहे.