केशरबाईच्या पार्टीचा माईक

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूनं चेपली आहे आणि बटण सरकवताना मी जरा खरखरतो, म्हणून मला भंगारात काढायची घाई करू नका. मी वाशिमकडच्या किन्हीराजा गावच्या केशरबाईच्या गायन पार्टीचा जुना माईक आहे. वायरचा! वायर म्हटलं की हल्लीची पोरं नाक मुरडतात. मुरडू देत. ज्यांनी माझ्यातून गाणी ऐकली त्यांना विचारा मी काय चीज होतो ते.

मी कोणत्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. एक धातूचा दांडा, आत पातळसा पडदा, त्याला बारीक तारेची गुंडाळी आणि वर जाळी. समोर कुणी बोललं की पडदा थरथरतो, एवढंच माझं शास्त्र. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते अकोल्याच्या एका दुकानात. दौलतराव आणि त्यांची बायको केशरबाई मला घ्यायला आले होते. दिवसभर दोघं लोकांच्या शेतात राबायचे आणि संध्याकाळी दौलतराव पेटी वाजवायचे, केशरबाई गायची. दुकानदार माझ्यात तोंड घालून "हॅलो, हॅलो" करून दाखवत होता. केशरबाई पुढे सरकली आणि म्हणाली, "हॅलो तं कोनीबी म्हन्ते भाऊ. मले गाऊन पाहू द्या."

आणि तिनं भर दुकानात तान घेतली! रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. दौलतराव लाजून चपला न्याहाळायला लागले. माझा तर पडदा असा काही थरारला, की हीच आपली मालकीण, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

मग काय विचारता! आमची पार्टी गावोगाव फिरली. किन्हीराजाहून शिरपूर जैन, तिथून जीपच्या टपावर बसून कामरगाव. पेटी, ढोलक, बँजो, मागे टाळ्या वाजवत साथ देणारा कोरस, आणि पुढे केशरबाईच्या हातात मी. भीमजयंतीच्या दिवसांत आमच्याकडे दुय्यम सामना रंगायचा. म्हणजे मंडपात दोन पार्ट्या समोरासमोर. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. नवीन गाणं ऐकायचं तर लोक तिथंच यायचे. आज कामरगावच्या पार्टीनं नवी चाल काढली, की आठवड्याभरात ती आमच्याकडच्या बाया शेतात निंदताना गुणगुणत असायच्या. कुठल्या गावात कोण नवीन गाणारा उगवला, कुणाची पोरगी ढोलक वाजवते, सगळी खबर मला आधी असायची. मला तर सगळ्यांचे श्वाससुद्धा ओळखू यायचे. कुणी पान खाऊन गातो, कुणी उपाशीपोटी, कुणी घाबरून. अहाहा, काय दिवस होते ते!

एक गोष्ट मात्र नीट सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. आमच्याकडे गाणं आवडलं की ऐकणारा नुसत्या टाळ्या वाजवून गप्प बसत नाही. तो उठतो, स्टेजपाशी येतो आणि चालू गाण्यात बक्षीस देतो. नोट असो, हार असो, बागेतलं फूल असो, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं असतं नाव. गाणाऱ्यानं तिथंच देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारायचं. कुणी आपल्या मायच्या नावानं देतो, कुणी दूर नोकरीला गेलेल्या भावाच्या नावानं. नाव पुकारेपर्यंत गाणं बंद पडू द्यायचं नाही आणि पुढेही पळू द्यायचं नाही. ढोलक हळू व्हायची, कोरस तीच ओळ हलकेच घोळवत राहायचा, आणि केशरबाई ठणठणीत आवाजात म्हणायची, "किन्हीराजाचे रूपलाभाऊ यांच्याकडून पार्टीले बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे!" मग ढोलकवर थाप पडायची आणि गाणं होतं तिथून पुन्हा उसळायचं. याला आमचे लोक गाणं धरणं म्हणायचे.

हा रूपलाभाऊ म्हणजे गावाबाहेर भाजीचा मळा करणारा माणूस. मोठा शौकीन. बायको तुळसाबाईला घेऊन तो दर सालच्या जयंतीला पहिल्या रांगेत बसायचा. मळ्यातल्या झेंडूचा हार बाबासाहेबांच्या फोटोला आणायचा आणि बक्षीस दिल्याशिवाय उठायचा नाही. माईकवरून नाव निघालं की मिशीवर असा हात फिरवायचा, की जणू आमदारकी मिळाली! तुळसाबाई पदर तोंडावर घेऊन हसायची.

पुढे दौलतराव वारले. पेटी एकाच्या घरी गेली, बँजो दुसऱ्याच्या. केशरबाईनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत, म्हणजे लोखंडी ट्रंकेत ठेवलं आणि गाणं बंद केलं. गावात डीजे आला. त्याचा दणका ट्रंकेच्या पत्र्यातून मला ऐकू यायचा. दणका होता, खोटं कशाला बोलू? पण त्यात कुणाचा श्वास नव्हता. त्या अंधारात मी फार रडवेला झालो होतो, मित्रांनो.

मग एके दिवशी पत्र्यापलीकडून एक कोवळा आवाज कानी पडला. केशरबाईची नात धम्मदीपा गात होती. तिनं कॉलेजातला सतीश की-बोर्डवर आणि पिंकी ऑक्टोपॅडवर, असा आपला बँड काढला होता. गाणीही स्वतःच रचायची. मोबाईलवर त्यांची दोन-तीन गाणी जिल्हाभर फिरली होती. पण गावासमोर उभं राहून ते कधी गायले नव्हते. जयंती मंडळाचा अध्यक्ष धम्मपाल घरी येऊन सांगून गेला, "दीपा, यंदा तुले एक चान्स देऊन राह्यलो. पन पोट्टे डीजे मांगून राह्यले. तुमचं नाही जमलं, तं पुढच्या सालपासून गाण्याचा कार्यक्रमच बंद. मंग मले बोलू नको."

केशरबाईनं त्याच दिवशी ट्रंक उघडली. मला पदरानं पुसलं आणि नातीपुढे धरलं. धम्मदीपा हसली. "आजी, आता कोनी वायरचा माईक वापरते का व? आमचा कॉर्डलेस आहे."

"राहू दे," केशरबाई म्हणाली. "मांगं कोरसले ठेव."

"कोरस ट्रॅकमधीच आहे आजी. वाशिमच्या स्टुडिओतून सारं भरून आनलं. ढोलक, बासरी, कोरस, सारं. आमी फक्त वरून वाजवतो."

केशरबाईनं मला तसंच पुढे धरून ठेवलं. आजीचं मन मोडू नये म्हणून पोरीनं मला स्टेजच्या मागच्या बाजूला एका स्टँडवर लावलं. माझ्यासमोर कुणीच उभं नव्हतं. मला इतका राग आला म्हणून सांगू!

ऊन उतरलं तसं विहारासमोरचं मैदान भरलं. धम्मदीपानं जयभीम केला, सतीशनं लॅपटॉपचं बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. मी फुगून बसलो होतो, पण कान थोडेच बंद करता येतात? आणि खरं सांगतो, गाणं झकास होतं.

पाटी धुतली विहिरीच्या पान्यानं,
मायनं अक्षर गिरवलं मानानं.

पहिल्यांदाच ऐकत होतो. लोकही माना डोलवायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुळसाबाई उठली. या खेपेला ती एकटीच आली होती. रूपलाभाऊ गेल्या पावसाळ्यात गेला होता. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात घडी घातलेली नोट. ती स्टेजपाशी आली आणि हात वर करून म्हणाली, "बाई, त्याह्यच्या नावानं पुकारजो."

धम्मदीपानं खाली वाकून नोट घेतली. पण ट्रॅक थांबतो थोडाच! पुढचं कडवं येऊन धडकलं. पोरगी गोंधळली, नोट मुठीत धरून कडवं गायला लागली. मग बासरी आली, मग पुन्हा धृपद. तुळसाबाई तशीच उभी. मान वर करून वाट पाहत राहिली. नाव काही निघेना. शेवटी तिनं हार स्टेजच्या कडेला ठेवला आणि हळूहळू परत फिरली.

बस, मैदानाची रयाच गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बाईचं नाव घ्या न!" दुसरा म्हणाला, "मोबाईल लावून उभे राह्यले, काय गाते हे!" पोरं शिट्ट्या मारायला लागली. माणसं चटया झटकून उठायला लागली. धम्मपाल कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मला त्या पोरीचा श्वास मागून ऐकू येत होता. ती रडण्याच्या बेतात होती.

तेवढ्यात केशरबाई जागेवरून ओरडली, "दीपे! बंद कर ते!"

"आजी, बंद केलं तं गानं पडन!"

"पडू दे. तुळसा चालली, पाह्य!"

धम्मदीपानं सतीशकडे पाहिलं आणि मानेनंच खूण केली. सतीशनं बटण दाबलं. अख्खं मैदान एकदम चिडीचूप. त्या शांततेत पोरगी स्टेजच्या कडेला गेली आणि म्हणाली, "तुळसामाय, थांब व. माही चूक झाली." मग सरळ उभी राहून, एक एक शब्द मोकळा करत तिनं पुकारलं, "किन्हीराजाचे रूपलाभाऊ, आमच्या पार्टीचे जुने शौकीन, यांच्या आठवणीत तुळसाबाईकडून बक्षीस. पार्टी त्यांची आभारी आहे!"

तुळसाबाई थांबली. वळली. तिनं पदर तोंडावर घेतला, पण हसली नाही. उभ्या मैदानात ओक्साबोक्शी रडली. उठलेली माणसं होती तिथं उभी राहिली. मग डोळे पुसून तीच म्हणाली, "गानं कोनाचं हाय व बाई? आधी नाही ऐकलं."

"माहंच हाय."

"मंग गाय न! काहून थांबली?"

पण गाणार कशावर? ढोलक नाही, कोरस नाही. सतीश की-बोर्डच्या पट्ट्या नुसता चाचपत होता, पिंकी काठ्या हातात धरून नुसती पाहत होती. ट्रॅकशिवाय ते कधी वाजवलेच नव्हते ना! तेव्हा पहिल्या रांगेतून टाळी आली. ठाम, मोजकी. केशरबाई टाळी वाजवत उठली, तशीच स्टेजच्या पायऱ्या चढली आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिंकीनं ती टाळी उचलली आणि काठ्या टेकवल्या. सतीशनं सूर शोधला, आधी चुकला, मग सापडला. धम्मदीपानं ओळ म्हटली आणि केशरबाईनं ती माझ्यातून झेलली. आवाज म्हातारा झाला होता, मध्येच फाटत होता. पण मित्रांनो, तो श्वास मी लाखात ओळखला असता! मी खरखरलो, कुईं केलं, तरी एक ओळ खाली पडू दिली नाही.

मग जी रांग लागली! कुणी बापाच्या नावानं, कुणी लेकीच्या. दर खेपेला धम्मदीपा नाव पुकारायची आणि आजी गाणं धरून ठेवायची. धम्मपाल स्वतः वर आला आणि बोलला, "पुढच्या साली हेच पोट्टे गातीन. डीजेले सुट्टी!"

गाणं संपत आलं तेव्हा केशरबाईनं पदराची गाठ सोडली आणि आतली मळकी नोट नातीच्या हातावर ठेवली.

"घे. नाव पुकार."

"आजी, तू तं पार्टीतलीच. तुह्यं काय पुकारू?"

"पुकार म्हनलं न."

आणि मग माझ्या ध्यानात आलं. या बाईनं साऱ्या जिल्ह्याची नावं माझ्यातून घेतली, पण बक्षीस देणारी म्हणून तिचं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. गाणारी कुणाला बक्षीस देणार? धम्मदीपानं आपला कॉर्डलेस खाली ठेवला. ती आजीच्या शेजारी आली, माझ्याजवळ तोंड आणलं. पिंकीनं हात हळू केला. सारं मैदान ती ओळ घोळवत होतं.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय, माझी जागा उद्या नवा कुणीतरी घेईल, घेऊ दे. मला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा, एवढं पुरे. पण तुमच्या गावात कुणी नवीन गाणारं उभं राहिलं, तर घरात बसून मोबाईलवर पाहू नका. समोर जाऊन बसा, आणि गाणं आवडलं तर उठून तसं सांगा. त्यावाचून ना गाणारा टिकत, ना गाणं.

त्या संध्याकाळपर्यंत मी आयुष्यात खूप नावं वाहिली होती, पण इतकं जड नाव कधी वाहिलं नव्हतं. पोरीनं आजीचा हात धरला. "किन्हीराजाच्या केशरबाई दौलतराव यांच्याकडून नव्या पार्टीले बक्षीस," ती म्हणाली, "पार्टी त्यांची जन्मभर आभारी आहे."